काजव्यांच्या गावी चौविहार

“दादा, आज सूर्य किती वाजता मावळतो?”

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तंबूंची व्यवस्था पाहणाऱ्या गावच्या तरुणाला हा प्रश्न नवा होता. शहरांतून येणारी मंडळी त्याला मोबाइलची रेंज कुठे मिळेल, गरम पाणी कधी येईल, गाणी किती वाजेपर्यंत लावता येतील, असे विचारीत. तो हसून म्हणाला, “सूर्य तर रोजच मावळतो आजी, घड्याळ कोण बघतं! जेवण नऊला आहे.”

“नऊला तुम्ही जेवा, बाळा. आमचं सव्वासहाच्या आत आटपलं पाहिजे,” तंबूच्या दारात बसलेल्या आजी शांतपणे म्हणाल्या.

मे महिना संपत आला होता आणि अमावास्या दोन दिवसांवर होती. संगमनेरच्या पेठेत भुसार मालाचा व्यापार करणारे एक जैन कुटुंब काजवे पाहण्यासाठी दोन दिवसांच्या मुक्कामाला आले होते. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. दुकानामागच्या घरात चौविहार, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे सारे विनासायास चालते. भिंतींचे घर सुटून कापडाचे घर आले, की तेच नियम टिकवावे लागतात. नातवाने निघताना विचारले होते, “आजी, जंगलात तुझे नियम कसे पाळणार?” आजींनी त्यावर काहीच उत्तर दिले नव्हते. ते उत्तर पुढच्या दोन दिवसांत आपोआप मिळत गेले.

पाणी, पेठ आणि पर्वत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ भंडारदऱ्याचे सरोवर पसरले आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेला येथे बांध घातला आहे. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीमागे अकरा टीएमसीच्या आसपास पाणी साठते. एका अंगाला कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर, दुसऱ्या अंगाला रतनगड, आणि पाण्याभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे. हा सारा डोंगराळ वनप्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.

या पाण्याशी खालच्या बाजारपेठांचे जुने नाते आहे. प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या माळरानांवर ऊस उभा केला आणि त्या उसाच्या बळावर १९५०च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, तसा भुसार, कापड आणि सराफीचा व्यापारही वाढला. या भागातील कित्येक जैन पेढ्यांच्या भरभराटीमागे भंडारदऱ्याचे पाणी आहे. त्या दृष्टीने संगमनेरचे हे कुटुंब सहलीला निघाले होते, तसे आपल्या अन्नदात्या पाण्याच्या दर्शनालाही आले होते.

मे अखेरीस सरोवराचे पाणी खूप खाली गेलेले असते. उघड्या पडलेल्या काठावर आणि वरच्या झाडीच्या कडेला तंबूंच्या रांगा लागतात. आजींनी तंबू उभारू देण्यापूर्वी आपली पुंजणी काढली आणि जागा हळुवार झाडून घेतली. मुंग्यांची रांग दिसताच तंबू चार पावले सरकवला गेला. पाऊस आलाच तर पाणी आत येऊ नये म्हणून तरुण कुदळ घेऊन तंबूभोवती चर खणायला आला, तेव्हा मुलाने त्याला थांबवले आणि किंचित उताराची जागा निवडली. चराचे काम उतारानेच केले.

दिवा मालवला आणि झाड उजळले

सव्वासहाला जेवण झाले. गावातल्याच एका घरातून तांदळाची भाकरी, कांदा-लसूण न घातलेले पिठले आणि भात आला होता. घरून आणलेले ठेपले आणि खाखरे सोबतीला होते. सातच्या सुमारास डोंगरामागे सूर्य उतरला आणि आजी प्रतिक्रमणाला बसल्या. नेमका त्याच वेळी जनित्र सुरू झाले आणि तंबूंसमोरचा मोठा दिवा भकभकून पेटला.

सामायिक-प्रतिक्रमणात अंगावर दिव्याचा उजेड येऊ नये, ही अनेक घरांतली जुनी शिस्त आहे. अग्निकायाच्या जीवांची विराधना टाळणे हा तिचा हेतू. आजींनी नातीला पाठवून विनंती केली, “तेवढा तासभर दिवा बंद ठेवाल का?” तरुण कुरकुरला. बाकीचे पाहुणे काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न रास्त होता. तरीही म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून त्याने कळ खाली ओढली.

काही क्षण सर्वत्र काळोख झाला. डोळे त्याला सरावले, तसा वीस पावलांवरच्या हिरड्याच्या झाडात एक हिरवट ठिणगी लुकलुकली. मग दुसरी, मग पाच-पन्नास. पाहता पाहता सगळे झाड एकदम उजळू लागले आणि एकदम विझू लागले. शेजारच्या सादड्याने त्याला साथ दिली. ज्यासाठी लोक रात्री गाड्या काढून दहा-पंधरा किलोमीटर हिंडतात, ते दृश्य तंबूच्या दारातच होते. मधे फक्त त्या दिव्याचा उजेड आडवा आला होता.

दिवा बंद झाला म्हणून तक्रार करायला निघालेले शेजारच्या तंबूतले लोक वाटेतच थबकले. तरुणही कळीजवळ उभा राहून पाहत राहिला. “इथं दोन वर्षं झाली दिवा लावतोय, या झाडावर एवढे असतात हे ठाऊकच नव्हतं,” तो म्हणाला.

उद्योत आणि आतप

काजवा हा भुंग्याच्या कुळातला कीटक. जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश उमटतो. या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. विजेचा जुना गोळा बराचसा तापण्यातच वीज घालवी; काजवा मात्र उजळतो आणि तापत नाही.

जैन कर्मसिद्धांताच्या अभ्यासकाला हे वाचून एक जुनी संज्ञा आठवेल. नामकर्माच्या प्रकृतींमध्ये ‘आतप’ आणि ‘उद्योत’ अशा दोन प्रकृती सांगितल्या आहेत. आतप म्हणजे उष्ण प्रकाश, त्याचे उदाहरण सूर्य. उद्योत म्हणजे उष्णतेविना असलेला प्रकाश. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी उद्योताची उदाहरणे देताना चंद्र आणि काजवा यांचाच उल्लेख केला आहे. श्वेतांबर परंपरेच्या कर्मग्रंथांतही उद्योताच्या विवेचनात काजवा येतो. ज्या आचार्यांनी रात्री दिवा लावला नाही, त्यांनी अंधारातला हा लहानसा जीव किती बारकाईने पाहिला असेल, याची कल्पना त्या हिरड्याखाली बसल्यावर येते.

काजव्याचे आयुष्य समजले, की त्या प्रकाशाचे मोलही समजते. त्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात, ओलसर माती आणि पालापाचोळ्यात जातो. तेथे तो लहान गोगलगायी आणि कृमींवर जगतो. वळवाच्या सरी पडू लागल्या, की पंख फुटलेले काजवे बाहेर येतात आणि अवघे काही आठवडे जगतात. तेवढ्या अवधीत नराने लुकलुकून साद घालायची, गवतात किंवा खालच्या फांदीवर बसलेल्या मादीने ती ओळखून उत्तर द्यायचे, आणि पुढची पिढी मातीच्या स्वाधीन करायची. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत ही घाई चालते. मोटारीचे दिवे, विजेऱ्या, मोबाइलचे फ्लॅश त्या संकेतांवर पाणी फिरवतात. साद दिसली नाही तर उत्तर येत नाही, आणि उत्तर आले नाही तर पुढच्या वर्षीचे झाड तेवढे अंधारे राहते. जवळून पाहण्याच्या हौसेने गवतात शिरणारी पावले मादीला चिरडतात, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

न पेटलेली शेकोटी

आठ वाजता शेकोटीची वेळ झाली. मुक्कामाच्या दरातच शेकोटी धरलेली होती आणि लाकडे रचून तयार होती. झाडाखालची सुकी पाने गोळा करून ती पेटवायची, हा नित्याचा क्रम.

प्रतिक्रमण आटोपून आलेल्या आजींना नातीने विचारले, “आजी, थंडी तर नाही, मग शेकोटी कशाला?” प्रश्न लहान होता, पण उत्तर कोणाजवळ नव्हते. मे महिन्याच्या त्या रात्री कोणालाही उबेची गरज नव्हती. आजी तरुणाला म्हणाल्या, “तुझे पैसे पूर्ण घे. पण या पानांत पुढच्या वर्षीचे काजवे आहेत, ते जाळू नकोस.”

तरुणाने इतर पाहुण्यांकडे पाहिले. दोन कुटुंबांनी लगेच मान डोलावली. चार मित्रांचा एक गट नाराज झाला आणि दूरवर जेथे गाणी वाजत होती, त्या दुसऱ्या मुक्कामाकडे निघून गेला. सगळ्यांचे मतपरिवर्तन झाले असे नाही. पण त्या एका जागी त्या रात्री शेकोटी पेटली नाही, आणि दिवाही दहापर्यंत लागला नाही. लोक सतरंज्यांवर बसून राहिले. मुलांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

श्रावकाचे व्रत, तंबूचा नियम

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये ‘अनर्थदंडविरमण’ हे एक गुणव्रत आहे. संसारी माणसाकडून प्रयोजनासाठी काही हिंसा घडतेच. चूल पेटते, पाणी वापरले जाते, घर बांधले जाते. पण ज्यातून काहीच साधत नाही अशी हिंसा, म्हणजे अनर्थदंड, गृहस्थानेही टाळावी, असे हे व्रत सांगते. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त त्याचा ‘प्रमादचर्या’ नावाचा प्रकार आला आहे. विनाकारण जमीन खणणे, पाणी उडवणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, झाडे-पाने तोडणे, आणि उगाच भटकणे किंवा दुसऱ्याला भटकायला लावणे, या गोष्टी त्यात मोडतात.

तंबूभोवतीचा चर, साबणाने खळबळलेले काठचे पाणी, गरज नसलेली शेकोटी, रात्रभर फिरणारे पंखे, खुंट्यांसाठी तोडलेल्या फांद्या, काजव्यांमागे अंधारात घातलेल्या फेऱ्या. आजच्या मुक्कामातली प्रत्येक चूक त्या यादीत आधीच आहे. नातवाच्या ‘जंगलात नियम कसे पाळणार’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. घरात जे नियम सवयीने पाळले जातात, त्यांचा अर्थ जंगलात डोळ्यांना दिसतो. तेथे जमीन, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस असे सहाही जीवनिकाय पायाखाली आणि हाताशी असतात. प्रतिक्रमणात ईर्यापथिकी म्हणताना दव, बीज, हिरवळ, चिखल, मुंग्यांची घरे, कोळ्याची जाळी यांचा उल्लेख तोंडातून सहज निघून जातो. तंबूपासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर ते सारे एकेक करून समोर येते.

निघण्यापूर्वी

अशा मुक्कामाची तयारी घरीच अर्धी होते. जागा ठरवताना जेवणाची वेळ, कंदमुळे वर्ज्य असणे आणि स्वतंत्र भांडी या गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. अनेक मुक्कामांवर मांसाहारही भाजला जातो, म्हणून ते स्पष्ट विचारणे श्रेयस्कर. गावातल्या घरी शिजलेले साधे जेवण सर्वांत निर्धोक ठरते, आणि त्याचा मोबदला थेट त्या घराला मिळतो. जून सुरू होताना सूर्यास्त सव्वासातच्या आत आणि सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका जेवण आटपणाऱ्यांनी सव्वासहाची, तर नवकारशी करणाऱ्यांनी पावणेसातनंतरची वेळ धरावी.

पिण्याचे पाणी दाट गाळण्याने गाळून दिवसाच उकळून ठेवावे. गाळण्यातले जीव पाणी जेथून घेतले तेथेच अलगद पोचवण्याची जीवाणीची रीत सरोवराकाठी सहज पाळता येते. भांडी आणि कपडे पाण्यात धुऊ नयेत. बादलीने पाणी दूर नेऊन धुवावे. मे-जूनमध्ये करवंदे, जांभळे, आंबे गावातच मिळतात. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा सोडणाऱ्या घरांना हा शेवटचा हंगाम असतो. उंबर मात्र झाडाखाली कितीही पडलेले असोत, ते जीवांनी भरलेले असल्याने अभक्ष्यच.

सुरक्षिततेचे भान धर्माइतकेच आवश्यक आहे. धरणाचा तळ एकाएकी खोल होतो, म्हणून मुलांना पाण्यात एकटे सोडू नये आणि अंधारात काठाशी जाऊ नये. वळवाबरोबर विजा येतात. एकट्या उंच झाडाखाली तंबू नको. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, विंचू आत शिरतात. काजवे पाहताना वाटेवरच थांबावे, विजेरीला तांबडा कागद लावून ती जमिनीकडे धरावी, आणि काजवा बाटलीत भरण्याचा मोह मुलांना आधीच समजावून टाळावा. चतुरिंद्रिय जीवाला खेळणे करू नये, हे मुलांना त्याच्याकडे पाहताना जितके पटते तितके पाठशाळेत पटत नाही. हंगामात वनविभाग प्रवेशाचे आणि वेळेचे नियम जाहीर करतो. निघण्यापूर्वी त्यांची चौकशी करावी.

गिऱ्हाईक मागेल ते

या गर्दीला कंटाळून कोणी म्हणेल, की तेथे जाऊच नये. पण सरोवराभोवतीच्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावांना काजव्यांच्या हंगामाचे उत्पन्न मोलाचे वाटते. भाताच्या पेरणीपूर्वीच्या ओढगस्तीच्या दिवसांत हा पैसा हाती येतो. जंगल राखले तर काजवे राहतात, आणि काजवे राहिले तर चूल पेटते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यांना अडचणीत आणते ती गिऱ्हाइकाची मागणी. गिऱ्हाईक शेकोटी मागते म्हणून लाकूड येते, आणि गाणी मागते म्हणून भोंगा येतो.

हे गणित व्यापारी कुटुंबाला सर्वांत लवकर उमगते. गिऱ्हाईक मागेल तोच माल दुकानात ठेवला जातो. एका हंगामात वीस कुटुंबांनी सूर्यास्तापूर्वीचे जेवण, बंद दिवे आणि शेकोटीविना रात्र मागितली, तर पुढच्या हंगामात तीच गोष्ट फलकावर लिहिली जाईल.

पण व्यापाऱ्याची जबाबदारी गिऱ्हाईक म्हणून संपत नाही. श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय ‘कर्मादान’ म्हणून सांगितले आहेत. त्यांत वन तोडण्याचा धंदा आहे, वणवा लावणे आहे, आणि सरोवर, डोह, तलाव सुकवणेही आहे. डोंगर, जंगल आणि पाणी या तिन्हींविषयीचे निषेध एकाच यादीत आले आहेत. काठच्या झाडीत जमीन घेऊन विश्रामगृह उभारण्याचा, त्यासाठी डोंगर कापण्याचा प्रस्ताव ज्याच्या पेढीवर येईल, त्याने नफ्याच्या रकान्यापूर्वी ही यादी वाचावी. शेकोटी न पेटवणे सोपे आहे. मोठा नफा नाकारणे कठीण आहे, आणि व्रताची खरी कसोटी तेथेच लागते.

परतीची वाट

दुसऱ्या पहाटे घाटघरच्या बाजूने ढग उतरले आणि सरोवरावर पावसाची एक झड येऊन गेली. पावणेसातनंतर आजींनी नवकारशी पारली. तंबू काढल्यावर त्याखालची जागा नातवाने स्वतःहून पुंजणीने झाडली. आजी पाहत राहिल्या, बोलल्या काही नाहीत.

आता काही दिवसांत पाऊस स्थिरावेल. गवत उगवेल, माती जीवांनी भरून जाईल, आणि साधू-साध्वी चातुर्मासासाठी एका जागी थांबतील. पावलापावलाला जीव असल्याने चालणे थांबवायचे, हा त्या थांबण्याचा अर्थ. काजवे त्या ऋतूची पहिली वर्दी देतात.

हिशेब चुकता करून गाडी निघाली, तेव्हा तरुणाने आजींना विचारले, “आजी, पुढच्या वर्षी येणार ना?”

“येऊ की,” आजी म्हणाल्या, “पण दिवा कधी लावायचा, ते आधी सांगून ठेव.”

“लावणारच नाही,” तो म्हणाला, “अन् तुमचं जेवण सहालाच.”